नाच, पीटीचा तास आणि सरकारी नोकरी

मॅगसेसे पुरस्कार म्हटला की आपल्याला पटकन आठवतात ते विनोबा आणि बाबा आमटे, आणि जरा जुनं वाचणाऱ्यांना सी. डी. देशमुख. देशमुखांना तो 1959 मध्ये मिळाला, शासकीय सेवा या विभागात, आणि त्यात नवल वाटावं असं काहीच नाही, माणूस आयसीएस, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, देशाचा अर्थमंत्री, वर मुंबईच्या प्रश्नावर खुर्ची सोडून आलेला. आता त्याच विभागात तीन वर्षांनी, 1962 मध्ये, कोण आहे ते बघा. फ्रान्सिस्का रेयेस आकिनो. हा पुरस्कार जिथून दिला जातो त्या फिलिपाइन्सचीच बाई. आणि तिचं काम काय, तर लोकनृत्यं.

मला आधी वाटलं यादीत रकाना चुकला असेल. कलेसाठी वेगळा विभाग होता की, मग नाचाचं काम करणारी बाई कलेक्टर-सेक्रेटरी लोकांच्या रांगेत कशी काय? त्याच वर्षी मदर तेरेसांनाही मॅगसेसे मिळाला, तो शांततेच्या विभागात, ते लगेच समजतं. हे समजायला मला वेळ लागला, आणि समजल्यावर असं मत झालं की पुरस्कार देणाऱ्यांनी रकाना अगदी बरोबर निवडला होता. लोकनृत्य टिकवणं हे रंगमंचाचं काम नाही, महोत्सवाचं तर नाहीच नाही, ते शाळेतल्या पीटीच्या मास्तरांचं काम आहे, म्हणजे पगारी, वेळापत्रकातलं, कंटाळवाणं सरकारी काम. कितीतरी लोकांना हे पटणार नाही, मलाही दोन वर्षांपूर्वी पटलं नसतं.

ते पटायला एक छोटं निमित्त झालं. मी राहतो शारजाला, नोकरी दुबईत. ऑफिसात साठ-पासष्ट माणसं, त्यातले पंधराएक फिलिपिनो. दरवर्षी नोव्हेंबरात आमच्याकडे कल्चरल डे नावाचा प्रकार असतो, त्यासाठी आपले भारतीय लोक महिनाभर व्हॉट्सअॅपवर कुठलं बॉलिवूड मेडली घ्यायचं यावर भांडतात आणि शेवटी दर वर्षी तेच ते घेतात. फिलिपिनो मंडळी निवांत होती. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी वेअरहाऊसमधली दोन पोरं प्लंबिंगच्या दुकानातून दहा-दहा फुटांचे दोन पीव्हीसी पाइप घेऊन आली, इथे बांबू कुठून आणणार, आणि प्रिंटरजवळच्या ए-फोर कागदाच्या चार रिमा उचलून पाइपांच्या टोकाखाली सरकवल्या. पोरं दोन टोकांना मांडी घालून बसली आणि पाइप वाजवायला लागली. एकदा एकमेकांवर, दोनदा खाली रिमांवर. ठक, टप टप. ठक, टप टप.

अकाउंट्समधली एक बाई आहे, पन्नाशीच्या आसपासची, तिला सगळे 'आते' म्हणतात. आते म्हणजे त्यांच्यात थोरली बहीण, आपल्याला मात्र ऐकून आत्याच आठवते. तर या आतेने बूट काढले, चष्मा माझ्या टेबलावर ठेवला आणि दोन पाइपांच्या मध्ये शिरली. पाइप मिटले की पाय बाहेर, उघडले की आत. बघताना सोपं वाटतं. पण पाइप मिटतो त्या क्षणी पाऊल हवेत असावं लागतं आणि डोळे खाली नसावेत, समोर असावेत, म्हणजे पाय कानाने हलतात. दोनतीन मिनिटं ती नाचली, वेग वाढत गेला, पोरं हसायला लागली, ही काही थांबेना. मी विचारलं, कुठे शिकलात हो? म्हणाली, पीईत, म्हणजे आपला पीटीचा तास. शेवटचं कधी केलं होतं? म्हणे पोरगी व्हायच्या आधी, म्हणजे तीसेक वर्षं झाली.

हा नाच म्हणजे तिनिकलिंग. तिकलिंग नावाचा पक्षी असतो, लांब पायांचा, भातशेतात फिरणारा, शेतकऱ्यांच्या बांबूच्या सापळ्यांतून उड्या मारत निसटणारा, त्याची नक्कल. हा नाच मूळचा लेते बेटाकडचा, आणि आमची आते इलोइलोची, म्हणजे दुसऱ्याच बेटावरची, तिची मातृभाषाही वेगळी. रत्नागिरीच्या एखाद्या अकाउंटंट बाईने चष्मा काढून ठेवून झाडीपट्टीतली दंडार नाचून दाखवावी, असं झालं हे. आपल्याकडे होईल? मी तिला फ्रान्सिस्का रेयेस आकिनो हे नाव माहितीय का विचारलं. हो, म्हणाली, क्विझमध्ये यायचं.

क्विझमध्ये येणारी ही बाई जन्मली 9 मार्च 1899 ला, मनिलाच्या उत्तरेला बुलाकान प्रांतात, बोकावे गावी. तारीख नीट बघा. त्याच बुलाकानात मालोलोस नावाचं गाव आहे, तिथे 23 जानेवारी 1899 ला फिलिपाइन्सचं पहिलं प्रजासत्ताक उभं राहिलं होतं. स्पेनचं तीनशे वर्षांहून जास्त चाललेलं राज्य संपलेलं, पण स्पेनने जाता जाता डिसेंबर 1898 च्या पॅरिस करारात हा देश 2 कोटी डॉलर घेऊन अमेरिकेला दिलेला, देशातल्या माणसांना न विचारता. 4 फेब्रुवारीला अमेरिकेशी लढाई पेटली आणि 31 मार्चला मालोलोस पडलं. बोकावे हे मनिलाहून मालोलोसला जायच्या वाटेवर. म्हणजे पाळण्यातली पोर तीन आठवड्यांची असताना तिच्या देशाची राजधानी गेली.

पुढे 1901 मध्ये थॉमस नावाच्या जहाजातून पाचशेच्या आसपास अमेरिकन शिक्षक आले. त्यांनी इंग्रजी शिकवलं, बेसबॉल शिकवला आणि शाळेत शारीरिक शिक्षण नावाचा तास आणला. त्या काळच्या अमेरिकन शारीरिक शिक्षणात लोकनृत्य हा भाग होताच, पण कुठली, तर युरोपातली. मला या बाईंची गंमत वाटते ती इथे. त्यांनी हा तास फेकून दिला नाही, साहेबाचं आहे म्हणून नाकही मुरडलं नाही. तास तुमचा ना, राहू दे, त्यात माल आमचा भरतो. एवढंच. आपल्याकडे कुठलीही परंपरा वाचवायची म्हटलं की पहिल्यांदा वेगळी संस्था, वेगळा निधी, वेगळा दिवस लागतो. इथे चालू गाडीत बसून घेतलं.

फिलिपाइन्स विद्यापीठात शिकताना आणि शिकवताना त्यांनी गावोगावचे नाच आणि खेळ गोळा करायला सुरुवात केली, त्यावर 1926 मध्ये मास्टर्सचा प्रबंध लिहिला आणि 1927 मध्ये तो पुस्तक म्हणून निघाला. वय सत्तावीस-अठ्ठावीस. तेव्हा मनिलात शिकलेल्या पोरापोरींना अमेरिकन सोशल डान्सचं वेड, आणि ही बाई खेड्यातल्या म्हाताऱ्यांना म्हणतेय पुन्हा एकदा करून दाखवा, हळू करा, कुठला पाय आधी. 1934 मध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष होर्हे बोकोबो यांनी गाणी आणि नाच गोळा करायला एक समितीच नेमली, सोबत संगीत टिपायला आंतोनिनो बुएनाव्हेंतुरा, आणि ही मंडळी 1938 पर्यंत देशभर फिरली. 1934 हे सालही उगाच आलेलं नाही, त्याच वर्षी अमेरिकेने कायदा करून दहा वर्षांच्या संक्रमणानंतर स्वातंत्र्य द्यायचं कबूल केलं होतं. देश मिळणार हे नक्की झालं होतं, आता त्या देशात काय काय आहे त्याची मोजदाद सुरू. मध्ये महायुद्ध, जपानी राज्य, मनिलाची राखरांगोळी. 4 जुलै 1946 ला स्वातंत्र्य, आणि त्याच वर्षी त्यांचं फिलिपाइन नॅशनल डान्सेस हे पुस्तक न्यूयॉर्कहून निघालं. (जुन्या पुस्तकांवर नाव फ्रान्सिस्का रेयेस तोलेन्तिनो असं आहे, आकिनो हे नाव नंतरच्या लग्नाचं. लायब्ररीत शोधायचं झालं तर दोन्ही नावांनी शोधावं लागतं, बायकांच्या कामाची ही कटकट जगभर सारखीच.)

1947 पासून त्या सरकारी शाळा खात्यात शारीरिक शिक्षणाचं काम बघायला लागल्या, आणि माझ्या मते खरं काम इथे झालं. नाच गोळा करणारे जगात खूप असतात. गोळा केलेला नाच ज्याने कधी तो बघितलाच नाही अशा मास्तराला नुसतं वाचून शिकवता आला पाहिजे, हा खरा अवघड प्रश्न. त्यांच्या पुस्तकांची मांडणी बघितली तर अक्षरशः पाककृतीचं पुस्तक वाटतं. नाचाचं नाव, कुठल्या गावचा, कपडे काय, कोण कुठे उभं राहणार, मग संगीताचे कितवे ठेके, आणि प्रत्येक ठेक्याला कुठला पाय, कुठला हात. त्यासाठी गावोगावच्या नाचणाऱ्यांच्या तोंडी असलेले शब्दच त्यांनी पक्के करून टाकले. कुमिन्तांग म्हणजे मनगट गोल फिरवणं. हायोन-हायोन म्हणजे एक हात पोटापुढे आणि एक पाठीमागे, कमरेच्या उंचीवर. बिलाओ म्हणजे त्यांच्याकडचं पाखडायचं सूप, पण नाचात बिलाओ म्हणजे तळवे वर-खाली पालटणं. सालोक म्हणजे खालून पाणी उपसल्यासारखा हात. एकदा हे चार शब्द कळले की कुठल्याही बेटावरच्या मास्तराला कुठल्याही बेटाचा नाच समजतो. कवितेत सांगायची गोष्ट नव्हेच ही, ही गोष्ट सर्क्युलरची आहे.

आणि नाच तरी कसले कसले. बिन्यानचा माग्लालातिक, त्यात पुरुष अंगाला नारळाच्या करवंट्या बांधतात, छातीवर, पाठीवर, मांड्यांवर, आणि हातातल्या करवंट्यांनी त्या वाजवतात, आपल्या आणि समोरच्याच्याही, कोकणातल्या पोरांना दिला तर दुपारी शिकून संध्याकाळी करतील असा. लुबांग बेटाचा पांदांगो सा इलाव, त्यात बाई तीन दिवे घेऊन नाचते, एक डोक्यावर आणि दोन तळहातांच्या मागच्या बाजूला, आणि ज्योत हलली तरी दिवा पडता कामा नये. सुरिगावचा इतिक-इतिक मला सगळ्यात जास्त आवडतो, नाचापेक्षा गोष्टीसाठी. इतिक म्हणजे बदक. एका बारशाच्या जेवणावळीत कानांग नावाच्या एका नाचणारीला सिबाय नावाचा नाच करायला सांगितला, ती नाचता नाचता अशी रंगली की मनानेच बदकासारखी डुलायला, पंख झटकल्यासारखे हात करायला लागली, लोकांना आवडलं, दुसऱ्यांनी उचललं. झाला नाच. म्हणजे परंपरा परंपरा म्हणून आपण जिच्यापुढे उदबत्ती लावतो ती एका बाईची एका संध्याकाळची लहर होती, आणि तिचं नाव टिकलं कारण कोणीतरी विचारून लिहून ठेवलं.

यावर लगेच कोणी म्हणेल, जगात फिलिपाइन्सचे नाच पोचवले ते तुमच्या या मास्तरीणबाईंनी नाही, बायानिहानने. खरं आहे. 1957 मध्ये मनिलाच्या फिलिपाइन विमेन्स युनिव्हर्सिटीत ही नृत्यमंडळी निघाली, 1958 मध्ये ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात तिने धमाल उडवून दिली, 1959 मध्ये ब्रॉडवे. नृत्यरचना लुक्रेसिया रेयेस-उर्तुला यांची, नाव सारखं असलं तरी बाई वेगळ्या, आणि त्या खरोखर मोठ्या कलाकार, त्यांनाही पुढे 1988 मध्ये नॅशनल आर्टिस्ट हा त्यांच्या देशातला कलेचा सर्वोच्च मान मिळाला. नृत्यासाठी तो सगळ्यात आधी, 1973 मध्ये, मिळाला होता आकिनोबाईंनाच.

बायानिहानला मी कमी लेखत नाही. उलट ब्रुसेल्सचं महत्त्व कळायला 1904 चं सेंट लुइस आठवायला हवं. अमेरिकेने तिथल्या जागतिक प्रदर्शनात हजाराहून जास्त फिलिपिनो माणसं नेऊन ठेवली होती, खोटी गावं बांधून, आणि लोक तिकीट काढून डोंगरातल्या इगोरोत लोकांना नाचताना आणि कुत्रं खाताना बघायला गर्दी करत होते. माणसांचं प्राणिसंग्रहालयच ते. त्यानंतर चोपन्न वर्षांनी त्याच देशातल्या पोरी स्वतःच्या तालावर, स्वतःच्या कपड्यांत युरोपात उभ्या राहून टाळ्या घेतात, यातलं समाधान ज्याला कळत नाही त्याच्याशी मी वाद घालणार नाही.

तरीपण. बघणाऱ्यासाठी बसवलेला नाच बघणाऱ्याच्या सोयीने बदलतो, ते कोणाच्या हेतूवर नसतं, रंगमंचाचा धंदाच तसा आहे. पाचसहा मिनिटांत आटपलं पाहिजे, तोंड प्रेक्षकांकडे पाहिजे, शेवट टाळी घेणारा पाहिजे. सिंकिल घ्या. मिंदानाओ बेटावरच्या लानाओ तळ्याकाठच्या मारानाओ मुसलमानांचा हा नाच, घरंदाज बायकांचा, आडव्या-उभ्या बांबूंमधून अगदी शांत चेहऱ्याने चालत जाण्याचा. (हे मारानाओ लोक म्हणजे तेच, ज्यांच्याकडे 1968 मध्ये रामायणाची एक आवृत्ती सापडली, महाराडिया लावाना नावाची. लावाना कोण ते सांगायला नको.) रंगमंचावर आल्यावर या नाचात ढाल-तलवारवाला राजपुत्र आला, गोष्ट आली, वेग आला, राजकन्येमागे छत्री धरणारी दासी आली. दिसतो अप्रतिम. पण खुद्द मारानाओ लोकांमधून आणि अभ्यासकांकडून यावर आक्षेप येत राहिलेत की बाबांनो हे आमचं नाही, निदान असं नाही. आणि आता अवस्था अशी की अमेरिकेत जन्मलेली फिलिपिनो पोरं कॉलेजच्या सांस्कृतिक रात्री रंगमंचावरचं सिंकिल बघून बघून बसवतात आणि त्यांच्यासाठी तेच मूळ. रामोन ओबुसान नावाचा माणूस बायानिहानमध्येच नाचलेला, त्यांच्यासाठी संशोधन केलेला, पण त्याला ही चकचक खटकायला लागली असावी, 1972 मध्ये त्याने स्वतःची मंडळी काढली आणि नाच गावात जसे होतात तसे, लांबण असेल तर लांबणीसकट दाखवायचा हट्ट धरला. त्यालाही 2006 मध्ये नॅशनल आर्टिस्ट केलं आणि त्याच डिसेंबरात तो गेला.

तिथले लोक हा वाद अनेक वर्षं घालतायत, बायानिहान बरोबर की ओबुसान, सजवलेला नाच की जसाच्या तसा. मला हा वादच थोडा चुकलेला वाटतो. दोघांनाही प्रेक्षक लागतो. अस्सल दाखवा नाहीतर सजवून दाखवा, दाखवणार कोणाला तर खुर्चीत बसलेल्याला, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाने नाच टिकत नसतो. आकिनोबाईंच्या पद्धतीत प्रेक्षकच नाही. पन्नास पोरं ग्राउंडवर, त्यातली पंचेचाळीस वाईट नाचतायत, दोघं बांबूवर पाय आपटून घेतायत, एक रडतोय, मास्तर ओरडतायत. बघवणार नाही कोणाला. पण त्या पंचेचाळीसांपैकी एक तीस वर्षांनी दुबईत अकाउंट्सला असते आणि पाइप वाजला की तिचे पाय आपोआप उचलले जातात.

आता दुसरी बाजू, कारण सगळं असं गोडगोड नाहीये.

एक म्हणजे पुस्तकात छापलं की तेच बरोबर ठरतं. गावात तोच नाच शेजारच्या दोन वाड्यांत दोन तऱ्हांनी होत असणार, त्यातली एक तऱ्हा टिपली गेली, छापली गेली, परीक्षेला आली, आणि मग दुसऱ्या वाडीचं पोर शाळेत आजीने शिकवलेलं नाचलं तर मास्तर म्हणणार चूक. हे झालं नसेल असं मी म्हणूच शकत नाही, कारण आपल्याकडे भाषेच्या बाबतीत रोज होतं, व्हतं म्हणालं की होतं म्हण. दुसरं, सुरुवातीच्या पुस्तकांत भर होता तो सखल भागातल्या ख्रिस्ती, स्पॅनिश वळणाच्या नाचांवर, पोल्का, 'होता' (jota) आणि मझुर्का या युरोपातल्या नाचांची फिलिपिनो रूपं. डोंगरातले कोर्दियेराचे लोक आणि दक्षिणेतले मुसलमान यांचा वाटा त्यात कमी. राष्ट्रीय नृत्य म्हणायचं आणि राष्ट्र कोणतं ते न सांगता ठरवून टाकायचं, असं थोडं झालंच. आणि तिसरं, कानांगसारखं एखादंच नाव टिकलं, बाकी ज्या शेकडो म्हाताऱ्यांनी अंगणात नाचून दाखवलं त्यांची गावं पुस्तकात आली, त्यांची नावं नाही. टिपणाऱ्याला पदव्या, मानद डॉक्टरेट, पुरस्कार, आणि नाचणारा अनामिक, हा हिशोब जगभर असाच लागतो, तो बरा नाही आणि या बाईंच्या बाबतीतही तो माफ करून चालणार नाही.

शिवाय आते स्वतः सांगते ते वेगळंच. तिला पीई अजिबात आवडायचं नाही. जोडीला कोण येणार याची धाकधूक, मार्क, त्यात प्रॅक्टिकलच्या दिवशी ड्रेस भाड्याने आणायचा, घरात पैसे नसायचे, आई चिडायची. एकदा तर ती आजारी असल्याचं सांगून घरीच राहिली होती. म्हणजे नाचावर प्रेम वगैरे काही नव्हतं.

आणि तरी पाय उचललेच ना! माझा सगळा मुद्दा इथेच येऊन थांबतो. महोत्सवाने प्रेम निर्माण होत असेल, असं आयोजक म्हणतात, पण सवय निर्माण होत नाही, आणि लोकनृत्य ही मुळात सवय होती, सगळ्यांना थोडीथोडी येणारी. ती सगळ्यांना थोडीथोडी येणं संपलं की थोड्यांना खूप छान येतं, मग ते कलाकार होतात, मग त्यांना मानधन, शाल, श्रीफळ, मग ते मानधन थकतं आणि त्यावर बातमी येते. वर सांगितलेले तिन्ही आक्षेप मला मान्य आहेत, पण ते दुरुस्त करता येतील असे आक्षेप आहेत. दुसऱ्या वाडीची तऱ्हाही छापा, डोंगरातल्यांना आणि दक्षिणेतल्यांना विचारून, ते म्हणतील तेवढंच घ्या, नावं लिहा. अजिबात शिकवलंच नाही तर दुरुस्त काय करणार? कधीच न नाचलेल्या माणसाला सजवलेलं सिंकिल आणि मूळ सिंकिल यातला फरकही कळत नाही, ज्याने शाळेत वाईट का होईना केलंय त्याला निदान शंका तरी येते.

आणि ही बाई एकटी नाचत बसली नाही हेही बघण्यासारखं. 1949 मध्ये त्यांच्या पुढाकाराने फिलिपाइन फोक डान्स सोसायटी निघाली, तिचं मुख्य काम काय, तर शिक्षकांची वर्कशॉप्स. देशभरातले मास्तर यायचे, शिकायचे, वही भरून गावी परत. अध्यक्ष मॅगसेसेंनी, ज्यांच्या नावाने पुढे तो पुरस्कार निघाला त्यांनीच, 1954 मध्ये आकिनोबाईंना सरकारी सन्मान दिला, पण मला वाटतं खरा सन्मान म्हणजे ती वही. बाई 1983 मध्ये गेल्या, सोसायटी राहिली.

आपल्याकडे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. लेझीम आहे की. आखाड्यातून शाळेत आलेली, तिलाही अशीच पक्की नावं, चार आवाज, पवित्रा, दो रुख, ज्याने कोणी ती बसवून छापली त्याने नेमकं आकिनोबाईंचंच काम केलं. म्हणून तर गणपतीत, शिवजयंतीला, पंधरा ऑगस्टला कुठल्याही गावात चाळीस पोरं उभी राहतात आणि जमतं. पण लेझीम आणि मग? गजा, दंडार, कोळीनाच, सोंगी मुखवटे, हे एका जिल्ह्यातल्या पोराने दुसऱ्या जिल्ह्यातलं शिकायचं म्हटलं तर कुठून? गॅदरिंगला कोळीगीत लावून लुगडं नेसवलं की झाला कोळीनाच. आणि त्या आधी, पीटीचा तास शिल्लक आहे का? माझ्या शाळेत सहामाही जवळ आली की पीटीच्या तासाला गणिताचे सर फळा पुसत आत यायचे आणि आम्ही खिडकीतून रिकामं ग्राउंड बघायचो. भाचा सांगतो आताही तसंच आहे, फक्त गणिताबरोबर इंग्लिशचे सरही येतात.

लोककलेसाठी बजेट वाढवा म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारीन की त्यातला किती पैसा मांडव, लाइट, साउंड आणि पाहुण्यांच्या हॉटेलवर जातो आणि किती मास्तरांच्या प्रशिक्षणावर. मांडवाचा फोटो निघतो. प्रशिक्षणाचा काय फोटो निघणार, चाळीस मास्तर घामाघूम होऊन मनगट फिरवतायत. त्यासाठी शासकीय सेवेतलं माणूस लागतं, ज्याला फोटो नाही निघाला तरी पगार मिळतो.

तर त्या संध्याकाळी पाइपमधून बाहेर आल्यावर आतेने चष्मा लावला, पाणी प्यायली आणि मला म्हणाली, आता तू. मी म्हटलं मला नाही जमणार, पाय मोडेल. ती म्हणाली हे नाही, तुझं, तुझ्या पीईतलं. मी काय सांगणार, बॉलिवूड मेडलीत मी मागच्या रांगेत होतो. मग कोट अडकवायचे दोन हँगर घेतले, एक तिला दिला, लेझीम म्हणून. पस्तीस वर्षं झाली असतील. कमरेत वाकलो, हँगर डाव्या गुडघ्याजवळ, मग मध्ये, मग उजवीकडे, मग वर, आणि तोंडातून आमच्या सरांच्याच आवाजात निघालं, एक, दो, तीन, चार. ती बघत होती, दुसऱ्या फेरीला बरोबर वाकली, फिलिपिनो भाषेत मोजत, इसा, दालावा, तात्लो, आपात. वेअरहाऊसच्या पोरांनी पाइप उचलले होते ते परत खाली ठेवले आणि ठेका धरला, आमचं चाराचं होतं आणि त्यांचं तिनाचं, जुळेना, तेव्हा त्यातला एक म्हणाला थांबा थांबा, आणि रिमेवर एक टप वाढवला.